लाखीशची जळकी माती आणि हिज्कीया राजाचे रांजण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात तीन पिढ्यांपासून रोज पवित्र शास्त्राचं वाचन होतं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ येतात, "तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं सापडली, बायबल सिद्ध झालं." कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, हे सगळं कुणीतरी शेकडो वर्षांनी रचलेलं आहे. जमिनीत खोदणाऱ्या माणसाने यात कुणाचं खरं मानावं?

चाकांचं आधी उरकतो. एखादी वस्तू कुठे, किती खोलीवर, कुठल्या थरात मिळाली, ती आता कुठे आहे आणि कुणीही जाऊन ती तपासू शकतो का, एवढं सांगता आलं नाही तर आमच्या लेखी ती सापडलेलीच नाही. त्या चाकांबद्दल यातलं काहीच सांगता येत नाही. तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. पण तुमच्या मुलाचं म्हणणंही मला मान्य नाही. ते का, हे सांगायला मी सगळ्या बायबलवरून हात फिरवणार नाही. एकच वर्ष घेतो, इ.स.पू. ७०१. त्या वर्षी अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला. २ राजे, अध्याय १८ आणि १९ तुम्ही वाचलेले असणार. या एका स्वारीबद्दल चार वेगवेगळे साक्षीदार आहेत आणि चौघांनीही एकमेकांशी बोलून साक्ष दिलेली नाही. आमच्या धंद्यात असा योग फार क्वचित येतो.

मी आयुष्यभर खापरांवर काम केलं. आधी आपल्या दख्खनच्या पांढरींवर, मग काही हंगाम पश्चिम आशियात. गावाशेजारची पांढर तुम्हाला माहीत असेल. जुन्या वस्तीची राखट माती, जी शेतकरी खत म्हणून गाड्या भरून नेतात. घरं पडली, त्यांच्यावर नवी उठली, पुन्हा पडली, असं शेकडो वर्षं होत राहिलं की टेकाड तयार होतं. तिकडे त्याला तेल म्हणतात. लाखीश म्हणजे असंच एक टेकाड, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर. माथ्याचा विस्तार सुमारे १८ एकर. यहूदाच्या राज्यात यरुशलेमनंतरचं हे सर्वांत महत्त्वाचं शहर. मिसरकडून (इजिप्तकडून) येणारी वाट इथून राखता येत असे, म्हणून तिथे दुहेरी तटबंदी आणि भव्य वेस होती.

पहिली साक्ष शास्त्राची. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरला खंडणी देणं थांबवलं, सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरं घेतली, तो लाखीशला असताना हिज्कीयाने "माझं चुकलं" असा निरोप पाठवला आणि ३०० किक्कार चांदी, ३० किक्कार सोनं दिलं (किक्कार हे त्या काळचं वजनाचं माप). तरीही यरुशलेमला वेढ्याची धमकी आलीच. शेवटी परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० मारले आणि राजा आपल्या राजधानीला, निनवेला परतला.

दुसरी साक्ष खुद्द सन्हेरीबाची. त्याने आपल्या स्वाऱ्यांचा वृत्तांत भाजलेल्या मातीच्या स्तंभांवर कोरून घेतला. त्यातला एक सहा बाजूंचा स्तंभ १८३० मध्ये कर्नल रॉबर्ट टेलर यांना निनवेच्या परिसरात मिळाला. तो इ.स.पू. ६९१ चा आहे आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सन्हेरीब म्हणतो, यहूदाच्या हिज्कीयाने माझ्यापुढे मान वाकवली नाही, म्हणून मी त्याची ४६ तटबंदीची नगरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि त्याला त्याच्या राजधानीत, यरुशलेममध्ये, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. मग खंडणीची यादी येते. त्यात ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी.

सोन्याचा आकडा दोन्हीकडे एकच आहे, हे लक्षात घ्या. दोन शत्रूंच्या दप्तरांत, दोन भाषांत, एकच तीस. चांदीचा आकडा जुळत नाही. खंडणी कधी पोचली तेही जुळत नाही. शास्त्र म्हणतं राजा लाखीशला असताना, सन्हेरीब म्हणतो नंतर निनवेला पाठवली. हे न जुळणं मला अडचणीचं वाटत नाही. दोन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलले असते, तर एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं असा संशय आला असता.

पण सन्हेरीबाच्या लेखात सगळ्यांत बोलकं आहे ते त्याने न लिहिलेलं. यरुशलेम घेतलं, असं तो कुठेच म्हणत नाही. हे राजे काय लिहायचे ते बघा. अमुक शहर घेतलं, जाळलं, राजाला साखळदंडात नेलं, नवा राजा बसवला. हिज्कीयाबद्दल मात्र फक्त "कोंडलं". पिंजरा झाला, पाखरू हातात आलं नाही. प्रशस्ती लिहिणारा माणूस खोटं बोलण्यापेक्षा गाळण्याची कला जास्त वापरतो. आपल्याकडचे ताम्रपट वाचणाऱ्यांना हे सांगायला नको.

तिसरी साक्ष दगडी चित्रांची. १८५० च्या आसपास ऑस्टिन हेन्री लेअर्ड यांनी निनवेला सन्हेरीबाचा राजवाडा खोदला. त्यातल्या एका दालनाच्या भिंतींवर एकाच शहराच्या वेढ्याचं कोरीवकाम होतं. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये १०ब क्रमांकाच्या दालनात लावलेलं आहे. डावीकडून सैन्य येतं. मध्ये तट आणि त्यावर चढत जाणारे उतरते बांध. बांधांवरून भिंती फोडायची यंत्रं वर ढकलली जात आहेत. तटावरून पेटते पलिते फेकले जात आहेत. यंत्राच्या तोंडाशी बसलेला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पाणी ओततो आहे, म्हणजे यंत्र पेटू नये. तिथून उजवीकडे बंदी निघाले आहेत. बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर बसलेल्या बायका आणि पोरं, पुढे चालणारा बाप. काही माणसं सुळावर चढवलेली, काहींची कातडी सोलणं चाललेलं. आणि शेवटी उंच आसनावर राजा. शेजारी लेख आहे की जगाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब आसनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यापुढून गेली. त्या राजाचा चेहरा प्राचीन काळीच कुणीतरी मुद्दाम ठेचून काढला आहे, बहुधा इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं तेव्हा.

राजवाड्यातलं एक अख्खं दालन एका लाखीशला दिलेलं आहे. राजधानी यरुशलेम पडलं असतं, तर त्या भिंतींवर यरुशलेम असतं.

चौथी साक्ष मातीची. माझं खरं मन तिच्यात आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

लाखीशला पहिलं मोठं उत्खनन १९३२ ते १९३८ या काळात जेम्स लेस्ली स्टार्की यांनी केलं. त्यांना जळून खाक झालेल्या शहराचे दोन थर मिळाले, एक वरचा आणि एक त्याच्या खालचा. वरचा थर बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने केलेल्या शेवटच्या विध्वंसाचा, म्हणजे इ.स.पू. ५८७-५८६ चा, याबद्दल वाद नव्हता. खालचा कुणाचा? स्टार्की म्हणाले, त्याच नबुखद्नेस्सराची आधीची स्वारी, इ.स.पू. ५९७. म्हणजे दोन थरांमध्ये अवघं दशकभराचं अंतर. जानेवारी १९३८ मध्ये यरुशलेमच्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला जाताना वाटेत स्टार्कींचा खून झाला आणि अहवालाचा मोठा भार त्यांच्या सहकारी ओल्गा टफनेल यांच्यावर येऊन पडला. या बाईंकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढची वीस वर्षं त्यांनी त्या एका टेकाडाची खापरं लावण्यात घालवली.

खापरं लावता लावता त्यांच्या लक्षात आलं की दोन थरांतली भांडी सारखी नाहीत. काठाचा वळसा वेगळा, बुडाची ठेवण वेगळी, रांजणाचे खांदे वेगळे. आता कुंभार काही दर दहा वर्षांनी आपला हात बदलत नाही. सासूने वापरलेला घाट सुनेच्या घरात चालतो. असा फरक पडायला पिढ्या जाव्या लागतात. म्हणून १९५३ च्या अहवालात टफनेल यांनी आपल्याच दिवंगत प्रमुखांच्या मताविरुद्ध लिहिलं, की खालचा थर ५९७ चा नाही, तो ७०१ चा आहे, सन्हेरीबाचा आहे. विल्यम ऑलब्राइट आणि कॅथलीन केनियन यांच्यासारखी बडी नावं दुसऱ्या बाजूला होती. वाद वीस वर्षं चालला. १९७३ पासून डेव्हिड उसिश्किन यांनी तिथे नव्याने खोदलं, मोठ्या क्षेत्रावर एकेक थर सोडवला, आणि टफनेल बरोबर ठरल्या. खापरं हातात घेतली की मला त्यांची आठवण येते. खापर कुणाच्या मोठ्या नावाला भीत नाही, हे त्यांनी दाखवलं.

उसिश्किन यांना टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणखी एक गोष्ट उमगली. तिथे दगडांचा प्रचंड ढीग होता. स्टार्कींच्या लोकांनी तो तटाचा ढासळलेला भाग समजून काही दगड हलवलेही होते. तो ढीग म्हणजे अश्शूरी सैन्याने रचलेला बांध होता, तोच, जो निनवेच्या भिंतीवर कोरलेला आहे. आजवर प्रत्यक्ष जमिनीवर सापडलेला हा एकमेव अश्शूरी वेढ्याचा बांध. योसेफ गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला, की सुमारे ३० लाख दगड, प्रत्येक सरासरी साडेसहा किलोचा. ते कुणी वाहिले असतील? बाण तर वरून येतच होते. बांधाच्या टोकाशी शेकडो लोखंडी बाणाग्रं, गोफणीचे गुंडे आणि लोखंडी साखळीचा तुकडा मिळाला. आणि तटाच्या आत, अगदी त्याच जागी, शहरातल्या लोकांनी घाईने रचलेला मातीचा उलटा बांध. बाहेरचा तट फुटला तर आत दुसरी भिंत असावी म्हणून. त्या भरावात आधीच्या शतकांची खापरं आहेत, कारण हाताला लागेल ती माती खरवडून आणलेली होती. हा आतला बांध शास्त्रात नाही, सन्हेरीबाच्या लेखात नाही, चित्रातही नाही. तो फक्त मातीनेच सांगितला.

टेकाडाच्या उतारावरच्या गुहांमध्ये स्टार्कींना सुमारे १,५०० माणसांचे अवशेष एकावर एक टाकलेले मिळाले. त्यांत बायका आणि मुलंही आहेत. ते सगळे याच वेढ्यातले का, यावर मतभेद आहेत. मला तो संबंध बहुधा खरा वाटतो.

आता त्या खालच्या थराची तारीख पक्की झाल्यावर काय उलगडलं ते बघा. जळलेल्या कोठारांत मोठे रांजण होते, सुमारे ४५ लिटर मावतील असे. त्यांच्या कानांवर शिक्का आहे, "लमेलेख", म्हणजे राजाचा, किंवा राजासाठी. वर चार पंखांचा भुंगा किंवा दोन पंखांचं सूर्यबिंब. खाली चार गावांपैकी एकाचं नाव, हेब्रोन, जीफ, सोखो, आणि चौथं "ममशत", जे नेमकं कुठलं गाव ते आजही ठरलेलं नाही. असे शिक्के एकूण दोन हजारांच्या वर मिळाले आहेत आणि एकट्या लाखीशला चारशेहून अधिक. थर ५९७ चा मानला तर हे शिक्के नंतरच्या एखाद्या राजाचे ठरले असते. थर ७०१ चा ठरला आणि ते हिज्कीयाच्या कारकिर्दीत आले. मग चित्र स्पष्ट झालं. एक राजा तेल, दारू, रसद गोळा करून गडागडांवर पाठवतो आहे. त्याला माहीत आहे की काय येणार आहे.

यरुशलेममध्येही तीच तयारी दिसते. १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांनी जुन्या शहराच्या यहुदी वस्तीत खोदताना सात मीटर रुंदीचा तट काढला. त्याचा सुमारे ६५ मीटरचा भाग उघडा झाला. तट बांधताना वाटेत आलेली राहती घरं तोडलेली दिसतात, काही घरांच्या भिंती तटाखाली गेलेल्या आहेत. आता यशया २२:१० काढून वाचा. संदेष्टा त्या शहराच्या लोकांना रागावून म्हणतो की तुम्ही यरुशलेमची घरं मोजली आणि तट मजबूत करायला घरं पाडली. घराच्या तुटक्या भिंतीसमोर उभं राहून ते वचन वाचलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. रचलेल्या गोष्टीत असा तपशील कुणी घालत नाही. तो पाहिलेल्या माणसाचा संताप आहे.

आणि बोगदा. २ राजे २०:२० म्हणतं की हिज्कीयाने तळं आणि पाट करून शहरात पाणी आणलं. गीहोन झरा तटाबाहेर, तळं आत. मधल्या खडकातून ५३३ मीटरचा नागमोडी बोगदा कोरलेला आहे, आणि त्यातून आजही पाणी वाहतं. दोन्ही टोकांकडून दोन टोळ्या खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. १८८० मध्ये शिलोहच्या तळ्याकडच्या तोंडाशी पाण्यात खेळणाऱ्या एका मुलाला भिंतीवर अक्षरं दिसली. सहा ओळींचा हिब्रू लेख. त्यातला मजकूर असा आहे की तीन हात खडक उरलेला असताना एकमेकांना हाका मारणाऱ्या माणसांचा आवाज ऐकू आला, मग कुदळीसमोर कुदळ चालली आणि पाणी १,२०० हात वाहत तळ्याला गेलं, आणि खणणाऱ्यांच्या डोक्यावर खडक १०० हात होता. इथे "हात" मी मराठी करण्यासाठी घातलेला नाही. त्यांचंही माप हातच होतं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. ५३३ मीटरला १,२०० ने भागा, हाताची लांबी ४४ सेंटिमीटर येते. स्वतःचा हात मोजून बघा.

या लेखात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. फक्त खणणाऱ्यांचा आनंद आहे. २००३ मध्ये बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचं कार्बन-मापन आणि छतावरच्या क्षारांचं युरेनियम-थोरियम मापन झालं. दोन्ही इ.स.पू. ७०० च्या आसपास येतात. बोगदा हिज्कीयाच्या काही दशकं आधीचा असावा असं म्हणणारे खोदकाम करणारेही आहेत, रोनी राइख आणि एली शुकरोन. त्यांचा आधार खापरांचा आहे, म्हणून मी त्यांचं मत झटकून टाकत नाही. मापनं आणि लिखित परंपरा एकत्र धरली तर मला हिज्कीयाचं पारडं जड वाटतं, इतकंच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग सगळं जुळलं तर! नाही. २ राजे १९:९ मध्ये कूशचा राजा तिऱ्हाका चालून येतो असं आहे. पण तिऱ्हाका राजा झाला इ.स.पू. ६९० मध्ये. ७०१ साली तो राजा नव्हता. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी सन्हेरीब निनवेला परततो आणि त्याचेच मुलगे त्याला मारतात. वाचताना वाटतं की गेला आणि मेला. प्रत्यक्षात मध्ये वीस वर्षं आहेत, खून झाला इ.स.पू. ६८१ मध्ये. म्हणजे हा मजकूर घटना घडून गेल्यावर, दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या माणसाने जोडून लिहिला. तरी त्या जोडणाऱ्याकडे माहिती चांगली होती. शास्त्रातला मारेकरी अद्रम्मेलेक हे नाव बराच काळ कुठेच सापडत नव्हतं. मग एका अश्शूरी पत्रात कट करणाऱ्या राजपुत्राचं नाव वाचलं गेलं, अर्द-मुलिस्सु. तोंडातोंडी जाताना नाव झिजलं, पण माणूस तोच.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. शिवकाळाचा अभ्यासक बखर आणि समकालीन पत्र यांत फरक करतो. बखर नंतर लिहिलेली असते, प्रसंग मागेपुढे होतात, एखाद्याला पुढे मिळालेली पदवी आधीच लावली जाते. म्हणून कुणी बखर फेकून देत नाही आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबतही नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले ते ताडून बघायला कागद हवा म्हणून. राजे हा ग्रंथ बखरीसारखा वाचा, सन्हेरीबाचा स्तंभ प्रशस्तीसारखा. तुमच्या मुलालाही हे असंच सांगा. "नंतर लिहिलं" म्हणजे "रचलं" नव्हे.

त्या एका रात्रीत मेलेल्या १,८५,००० बद्दल माझ्याकडे खापर नाही. सन्हेरीब यरुशलेम न घेता परतला, एवढं त्याच्याच लिखाणातून ठरतं. तो का परतला, हे माती सांगत नाही. हेरोडोटस या ग्रीक लेखकाने मिसरमध्ये ऐकलेली एक गोष्ट दिली आहे, की रात्रीत उंदरांनी सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते आणि धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. त्यावरून काहींनी साथीच्या रोगाचा तर्क केला. तो तर्कच आहे. तुमच्या घरात त्या वचनावर विश्वास असेल तर तो ठेवायला मी मना करणार नाही, आणि त्याला पुरातत्त्वाचा शिक्काही मारून देणार नाही. तिथे माझी कुदळ पोचत नाही.

काही ठिकाणी माती स्पष्ट विरोधात जाते, हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे. यहोशवाच्या पुस्तकात कोसळतात ते यरीहोचे तट हे ठळक उदाहरण. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ तिथे खोदलं. त्यांची पद्धत त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्याकडून घेतलेली. चौकोनी चर, मध्ये न खोदलेल्या आडभिंती, त्या भिंतींवर दिसणाऱ्या थरांची रेघ न् रेघ काढणं. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि तीच पद्धत आमच्या गुरूंनी आम्हाला शिकवली, म्हणून केनियन यांच्या आकृत्या मला घरच्यासारख्या वाचता येतात. त्यांचा निष्कर्ष असा की तटबंदीचं यरीहो जळालं ते इ.स.पू. १५५० च्या सुमारास. यहोशवाचा काळ बहुतेक अभ्यासक ज्या तेराव्या शतकात धरतात, तेव्हा तिथे पडायला तटच नव्हता. यावर उलट बोलणारे आहेत, पण त्या आकृत्या पाहिल्यावर मला केनियन यांचंच पटतं. म्हणजे ७०१ ची साक्ष भक्कम आहे म्हणून यहोशवाचं पुस्तकही तितकंच भक्कम, असं होत नाही. प्रत्येक पान वेगळं तपासावं लागतं.

पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपकडे येतो. "सापडलं" असं वाचलं की पहिला प्रश्न विचारा, कुठून आलं? बाजारातून की जमिनीतून? इस्रायल म्युझियमने १९८८ मध्ये साडेपाच लाख डॉलर देऊन हस्तिदंताचं एक लहानसं डाळिंब घेतलं, शलमोनाच्या मंदिरातली एकमेव वस्तू म्हणून. २००४ मध्ये ठरलं की डाळिंब जुनं, पण त्यावरची अक्षरं नवी. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियममधले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे १६ तुकडे २०२० मध्ये सगळेच्या सगळे बनावट निघाले. श्रद्धाळू माणूस हा बनावट वस्तूंचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक असतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्याच्या घरात शास्त्र रोज उघडलं जातं, त्याच्या भावनेचा धंदा करणं हे मला चोरीहून वाईट वाटतं.

याच्या उलट हे उदाहरण बघा. यरुशलेमच्या मंदिर-टेकडीच्या दक्षिणेला एलात मझार यांच्या उत्खननात २००९ मध्ये उकिरड्याच्या मातीचे घमेले भरले गेले. ती माती पाण्यात चाळली, तेव्हा त्यातून जेमतेम सेंटिमीटरभराची चिखलाची मोहर निघाली. तिच्यावरचा लेख वाचून २०१५ मध्ये जाहीर झाला, "आहाजाचा मुलगा हिज्कीया, यहूदाचा राजा". मागच्या बाजूला पपायरसची गुंडाळी बांधलेल्या दोरीचा ठसा आहे. राजाच्या दप्तरातून सुटलेलं एक पत्र कुणीतरी उघडलं आणि मोहर कचऱ्यात टाकली. तिथून तीनेक मीटरवर दुसरी एक मोहर मिळाली, तिच्यावर "यशायाह" आणि त्याखाली एक फुटका शब्द. शेवटचं अक्षर असतं तर तो "संदेष्टा" झाला असता. ते अक्षर तुटलेलं आहे. तेव्हा २०१८ पासून "संदेष्टा यशयाची मोहर" म्हणून जे फोटो फिरतात, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. यशया हे नाव त्या काळी अनेकांचं होतं.

लाखीशचा वरचा थर मी मघाशी बाजूला ठेवला होता, त्यातलं एक सांगतो आणि थांबतो. १९३५ मध्ये वेशीजवळच्या खोलीत, राखेत, स्टार्कींना खापरांवर शाईने लिहिलेली १८ पत्रं मिळाली, १९३८ मध्ये आणखी तीन. बाबेलचं सैन्य यायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांतली. बरीचशी होशायाह नावाच्या एका चौकीवरच्या माणसाने यौश नावाच्या वरिष्ठाला पाठवलेली. चौथ्या पत्राच्या शेवटी आहे की आम्ही लाखीशच्या आगीच्या खुणांकडे नजर लावून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. यिर्मया ३४:७ म्हणतं की त्या वेळी यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. अजेका पडलं म्हणून दिसेनासं झालं, की त्या चौकीवरून ते दिसतच नव्हतं, यावर वाद आहे. दोन्ही अर्थ लागतात.

मला मात्र तिसरं पत्र जास्त जवळचं. वरिष्ठाने बहुधा लिहिलं होतं की तुला पत्र वाचता येत नाही. होशायाह दुखावला आहे. तो परमेश्वराची शपथ घेऊन लिहितो की मला पत्र वाचून दाखवायला आजवर कधी कुणी आलेला नाही, आणि जे पत्र येतं ते वाचल्यावर मला त्यातला शब्द न् शब्द सांगता येतो. राज्य बुडायला आलं आहे, आणि चौकीवरचा एक शिपाई आपल्याला वाचता येतं हे सांगायला खापराचा तुकडा आणि शाई खर्च करतो. मुलाला हे पत्र दाखवा. छायाचित्र आणि भाषांतर सहज मिळतं. आधी २ राजे १८ आणि यशया २२ त्याच्यासोबत मोठ्याने वाचा, मग निनवेच्या भिंतीवरची ती बैलगाडी बघा, आणि शेवटी होशायाहचं पत्र. त्यावर तो काय विचारतो ते मला जरूर कळवा.